लहान बेटराष्ट्रांत सरकारी सेवा ऑनलाइन आल्यावर लाचखोरी कुठे घटते आणि कुठे टिकून राहते

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की मॉरिशस, मालदीव, वानुआतू अशा लहान बेटराष्ट्रांत कर, सीमाशुल्क, परवाने आणि दाखले ऑनलाइन झाल्यामुळे भ्रष्टाचार खरोखर कमी होतो का, की तो फक्त नजरेआड जातो. देशाचे लहानपण या कामी मदतीला येते की आड येते, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. सरकारी संगणक-प्रणालींचे लेखापरीक्षण हे माझे अनेक वर्षांचे काम असून त्यातला काही काळ हिंदी महासागरातील बेटांवर गेला आहे. त्या आधाराने आधी थोडक्यात उत्तर देतो. खिडकीवरची चिरीमिरी घटते आणि ही घट बऱ्यापैकी टिकते. मोठे निर्णय मात्र ज्या दालनात होतात तिथे संगणक बहुतेक वेळा निर्णय झाल्यानंतर, त्याची नोंद करण्यापुरताच पोहोचतो. या दोन टोकांच्या मधला जो पट्टा आहे, त्यात काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून असते, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच करायला हवा.

त्यासाठी आधी प्रश्नाचीच थोडी फोड करावी लागेल. बंदरात अडकलेला कंटेनर सोडवण्यासाठी कस्टम्सच्या कर्मचाऱ्याच्या हातात ठेवलेली रक्कम, किनाऱ्यावरची सरकारी जमीन ओळखीच्या माणसाला भाडेपट्ट्याने मिळणे, वीज प्रकल्पाच्या कंत्राटासाठी परदेशी कंपनीने मोजलेला पैसा आणि सरकार पाडण्यासाठी खासदारांना वाटलेला पैसा, हे चारही भ्रष्टाचाराचेच प्रकार आहेत. ऑनलाइन सेवेचा परिणाम पहिल्यावर मोठा होतो, दुसऱ्या-तिसऱ्यावर अर्धवट होतो आणि चौथ्यावर जवळजवळ होतच नाही. वानुआतूत ऑक्टोबर २०१५ मध्ये ५२ सदस्यांच्या संसदेतील १४ खासदार लाचखोरीत दोषी ठरले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर असल्याने सभापतींकडे त्यांचा कार्यभार होता, आणि सभापती स्वतःच दोषींपैकी एक होते. त्यांनी स्वतःसह इतर दोषींना माफी देऊन टाकली, राष्ट्राध्यक्षांनी परत येताच ती रद्द केली आणि पुढे शिक्षा झाल्या. या सगळ्या घडामोडीत कोणतेही पोर्टल काही करू शकले नसते. तिथे उपयोगी पडले ते स्वतंत्र न्यायालय आणि आपल्या पदाची मर्यादा जाणणारे राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल. ऑनलाइन सेवांकडून अपेक्षा ठेवताना हा फरक मनात असावा.

आता जिथे परिणाम होतो तिथे वळतो. मॉरिशस मराठी वाचकांना अगदी परके नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांच्या वंशजांना तिथल्या शाळांत आजही मराठी शिकता येते. सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येच्या या देशाने १९९४ मध्ये सिंगापूरच्या धर्तीवर ‘ट्रेडनेट’ ही सीमाशुल्काची इलेक्ट्रॉनिक जोडणी सुरू केली. सिंगापूरने अशी प्रणाली १९८९ मध्ये आणली होती, त्यामुळे मॉरिशस या बाबतीत जगाच्या बरेच पुढे होते असे म्हणता येईल. बेटावर सीमाशुल्काला किती महत्त्व असते हे मुख्य भूमीवर राहणाऱ्यांच्या पटकन लक्षात येत नाही. तांदूळ, पीठ, इंधन, सिमेंट, औषधे आणि गाड्या, सगळे समुद्रमार्गे येते आणि मॉरिशसमध्ये हा जवळजवळ सगळा माल पोर्ट लुई या एकाच बंदरातून उतरतो. सरकारच्या तिजोरीची चावी आणि व्यापाऱ्याची मानगूट एकाच फाटकापाशी असते, आणि त्या फाटकावरच्या टेबलांची संख्या हाताच्या बोटांवर मोजता येण्यासारखी असते.

कागदी व्यवस्थेत लाच कशाची दिली जाते? बहुतेक वेळा वेळेची. आयात मालाचे घोषणापत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हाताने जाते, प्रत्येक टेबल ते अडवू शकते, का अडवले हे कुठेच लिहिले जात नाही आणि प्रत्येक दिवसाला डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा दंड, वाढत जातो. व्यापारी हिशेब करतो की डेमरेजपेक्षा चिरीमिरी स्वस्त आहे. इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र आल्यावर या साखळीतल्या तीन गोष्टी बदलतात. पत्र कधी आले याची वेळ आपोआप नोंदली जाते. ते परत पाठवायचे असेल तर कारण लिहावे लागते. शुल्क बँकेतून भरले जाते, त्यामुळे रोख रक्कम कोणाच्या हाती पडत नाही. शिवाय कोणता माल उघडून तपासायचा हे जोखमीच्या निकषांवर प्रणाली ठरवू लागली, की ‘तुझा कंटेनर उघडतो’ या धमकीतली हवाही निघते. माझा अनुभव असा आहे की यातली पहिली गोष्ट, म्हणजे वेळेची नोंद, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करते. कोणाच्या टेबलावर किती तास पत्र पडून राहिले याचा तक्ता दर आठवड्याला वरिष्ठांसमोर येऊ लागला की अडवणुकीचा भाव उतरतो.

मात्र मॉरिशसमध्ये जे घडले त्याचे श्रेय एकट्या संगणकाला देणे बरोबर नाही. जुलै २००६ मध्ये तिथे आयकर, मूल्यवर्धित कर आणि सीमाशुल्क ही वेगवेगळी खाती एकत्र करून ‘मॉरिशस रेव्हेन्यू ऑथॉरिटी’ काम करू लागली. ती स्थापन करणाऱ्या कायद्यानेच कर्मचाऱ्यांना आपल्या मालमत्तेचे विवरण देणे बंधनकारक केले. संगणक आधी आला, संस्था नंतर बदलली आणि दोन्हींनी मिळून फरक पडला. जिथे फक्त संगणक आणला गेला आणि माणसांच्या नेमणुका, बदल्या व चौकशीची पद्धत तशीच राहिली, तिथे मी ऑनलाइन अर्जाची छापील प्रत घेऊन पुन्हा त्याच खिडकीसमोर उभी असलेली रांग पाहिली आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तो ‘हलवण्यासाठी’ माणसाला भेटायचे, अशी दुहेरी व्यवस्था चालू असेल तर भ्रष्टाचार मोजण्याआधी ती रांग मोजावी.

विखुरलेल्या बेटांच्या देशांत आणखी एक परिणाम होतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत आणि त्यांपैकी २०० हूनही कमी बेटांवर वस्ती आहे. वानुआतूची बेटे ८० हून अधिक आहेत. एका दाखल्यासाठी राजधानीला यायचे म्हणजे बोटीचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. अशा माणसाला ‘उद्या या’ हे दोन शब्द पुरेसे असतात. तो उद्यापर्यंत थांबू शकत नाही, हे खिडकीमागच्या माणसाला माहीत असते. दाखला गावातल्याच कार्यालयात किंवा मोबाइलवर मिळू लागला की या असहायतेवर उभी असलेली लाच आपोआप कोसळते. लाचखोरीच्या आकडेवारीत ही रक्कम अगदी लहान दिसेल. ज्याच्या खिशातून ती जात होती त्याच्यासाठी ती लहान नव्हती.

आता देशाच्या लहानपणाकडे वळतो, कारण प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग तोच आहे. मोठ्या देशात भ्रष्टाचारविरोधी व्यवस्था एका गृहीतकावर उभी असते: अर्जदार आणि अधिकारी एकमेकांना ओळखत नाहीत. लाख-दीड लाख वस्तीच्या बेटावर हे गृहीतक कोसळते. परवाना देणारा, मागणारा, तपासणारा आणि बातमी छापणारा हे चौघे एकाच शाळेत शिकलेले असतात, एकाच प्रार्थनास्थळात जातात आणि त्यांतल्या दोघांचे घरोब्याचे नाते असते. अशा समाजात बहुतेक गैरव्यवहार पाकिटातून होत नाहीत. ते भिडेपोटी होतात. पुतण्याचा अर्ज वर काढला नाही तर पुढच्या रविवारी जेवणाच्या पंगतीत त्याचा जाब द्यावा लागतो, आणि ती किंमत कोणत्याही शिस्तभंगाच्या कारवाईपेक्षा मोठी वाटते.

इथेच प्रणालीचा एक उपयोग होतो, ज्याची चर्चा क्वचितच ऐकू येते: ती प्रामाणिक अधिकाऱ्याला आडोसा देते. ‘मला करायचे होते, पण सिस्टीम पुढे जाऊ देत नाही’ हे वाक्य बेटावर नाती न तोडता नकार देण्याचे जवळजवळ एकमेव साधन असते. अर्जांचा क्रम प्रणालीने ठरवला, अपूर्ण कागदपत्रांचा अर्ज तिने पुढे सरकूच दिला नाही, की अधिकाऱ्यावरचा घरचा दबाव उतरतो. मी ज्या अधिकाऱ्यांशी बोललो त्यांच्यापैकी अनेकांनी नव्या प्रणालीचे स्वागत याच कारणाने केले होते. म्हणून नियमाला अपवाद करण्याची सोय प्रणालीत ठेवताना ती स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती देऊ नये, असा माझा आग्रह असतो. ती सोय त्याच्या हाती आहे हे कळताच त्याचा आडोसा जातो, आणि बेटावर ही गोष्ट कळायला एक दिवसही लागत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. हिशेबाच्या कोणत्याही व्यवस्थेत बिल नोंदवणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा असे तीन वेगळे लोक लागतात. तुवालूसारख्या सुमारे ११ हजार वस्तीच्या देशात एखाद्या विभागात मिळून चारच माणसे असतील, त्यातला एक प्रशिक्षणाला परदेशी आणि एक रजेवर असेल, तर उरलेले दोघे सगळ्यांचे पासवर्ड वापरून काम उरकतात. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही, वेतन वेळेवर काढायचे असते एवढेच. पण पासवर्ड एकदा वाटून घेतले की प्रणालीतली प्रत्येक नोंद संशयास्पद ठरते आणि पुढे खरोखर चोरी झाली तर कोणी केली हे सिद्ध करता येत नाही. प्रणाली देखणी असते, तिच्यात तीन टप्प्यांची मंजुरी असते आणि प्रत्यक्षात तिन्ही टप्पे एकाच खुर्चीतून पार पडतात. त्यामुळे लेखापरीक्षणात मी पहिल्यांदा मंजुरीच्या वेळा आणि हजेरीपट शेजारी-शेजारी ठेवून पाहतो: रजेवर असलेल्या माणसाच्या नावाने मंजुरी झाली आहे का, नोंद आणि मंजुरी यांत काही सेकंदांचेच अंतर आहे का, कार्यालय बंद असताना कोणी आत शिरले आहे का. या तीन तपासण्यांना कोणतेही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश असा, की सेवा ठरावीक नियमांची असेल, पैसे बँकेतून जात असतील आणि अपवादाची सोय स्थानिक अधिकाऱ्याच्या हातात नसेल, तर ऑनलाइन येण्याने लाच घटते. निर्णयात अधिकाऱ्याची किंवा मंत्र्याची मर्जी शिल्लक असेल, तर ती मर्जी संगणकाला वळसा घालून जाते.

या वळशाचे मॉरिशसमधले उत्तम उदाहरण जमिनीचे आहे. फ्रेंच राजवटीपासून तिथे किनाऱ्यालगतची ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मानली जाते. तिला ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात. हॉटेले आणि किनाऱ्यावरचे बंगले यांच्यासाठी ही जमीन भाडेपट्ट्याने दिली जाते. पर्यटनावर चालणाऱ्या देशात हिच्याइतकी मौल्यवान सरकारी वस्तू दुसरी नाही. गेल्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिशसने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा मोठा प्रकल्प पूर्ण केला, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्रमांक दिला आणि खरेदीखतात तो क्रमांक लिहिणे सक्तीचे झाले. याने एकच जमीन दोघांना विकण्यासारख्या फसवणुकीला निश्चित आळा बसतो. पण किनाऱ्यावरचा एखादा तुकडा कोणाला भाड्याने द्यायचा हा निर्णय त्या नकाशात होत नाही, तो मंत्रालयात होतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे लगेच समजेल: सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या मिळतो, फेरफाराची नोंद मात्र माणसाच्या हातून होते.

मालदीवमध्ये हेच अधिक उघडपणे घडले. २०१४-१५ च्या सुमारास पर्यटन विकासासाठी ५० हून अधिक बेटे आणि लगून (प्रवाळाने वेढलेले उथळ समुद्राचे भाग) स्पर्धात्मक निविदेविना भाड्याने देण्यात आले, आणि त्यातून सरकारी पर्यटन-प्रसार महामंडळाला मिळायला हवी असलेली रक्कम दुसरीकडे वळवली गेली. फेब्रुवारी २०१६ च्या लेखापरीक्षण अहवालात ही रक्कम सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर्स सांगितली होती. तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अहमद अदीब यांना या प्रकरणात पुढे शिक्षा झाली. एका दाखल्यासाठी राजधानीला येणाऱ्या मासेमाराची गैरसोय आणि हे प्रकरण, दोन्ही एकाच देशातली; पहिल्यावर ऑनलाइन सेवा हा इलाज आहे, दुसऱ्यावर नाही.

सरकारी खरेदीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ई-निविदा हा रामबाण उपाय असल्याचे अनेक अहवालांत लिहिलेले असते. ई-निविदेची सगळी ताकद स्पर्धेत असते: अनोळखी पुरवठादार पुढे येतील, दर उतरतील. बेटावर पुरवठादारच दोन किंवा तीन असतात आणि ते एकमेकांना ओळखतात, तेव्हा पोर्टलवर निविदा टाकल्याने त्यांची संख्या वाढत नाही. तरीही ई-निविदेचा मी पुरस्कर्ता आहे, पण वेगळ्या कारणासाठी: नंतर तपासता येतील अशा नोंदी तिच्यामुळे उरतात. मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली बसणारी कंत्राटे, एकाच आठवड्यात एकाच पुरवठादाराला तुकडे करून दिलेले काम, दर वेळी आळीपाळीने जिंकणारे तेच दोघे, ही चिन्हे आकडेवारीत स्पष्ट दिसतात. अट एवढीच की ती आकडेवारी पाहणारा कोणीतरी असला पाहिजे.

आणि ज्या खरेदीत सर्वांत जास्त पैसा असतो, ती बहुधा या मार्गाने जात नाही. जून २०२० मध्ये आफ्रिकी विकास बँकेने मॉरिशसमधल्या सेंट लुई वीज प्रकल्पाच्या कंत्राटावरून एका डॅनिश कंपनीवर २१ महिन्यांची बंदी घातली, आणि त्याच महिन्यात तिथल्या उपपंतप्रधानांना पद सोडावे लागले. तो गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेच्या चौकशीने, स्थानिक प्रणालीतल्या कोणत्याही सूचनेने नव्हे. त्याच वर्षी महासाथीच्या नावाखाली नेहमीची निविदा-प्रक्रिया बाजूला ठेवून तातडीची वैद्यकीय खरेदी झाली, तिच्यावर तिथल्या लेखापरीक्षकांनी पुढे ताशेरे ओढले. आणीबाणीच्या खरेदीला कायद्यात वाट असावीच लागते. पण तिच्यासाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक रस्ता आधीच तयार नसेल, तर ती खरेदी कागदावर आणि फोनवर होते. चक्रीवादळांच्या पट्ट्यातल्या बेटांवर आणीबाणी हा अपवाद नाही, ती दर काही वर्षांनी येते. तिथे हा रस्ता आधीच बांधून ठेवणे हे नेहमीच्या ई-निविदेपेक्षाही निकडीचे आहे.

प्रश्नकर्त्याने देशादेशांची तुलना करायचे ठरवले असेल तर निर्देशांकांबद्दल सावध राहावे. संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासन पाहणीत मॉरिशस आफ्रिकेतल्या अग्रेसर देशांत असतो आणि सेशेल्स त्याच्या मागे असतो. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या भ्रष्टाचार-विषयक निर्देशांकात (गुण जितके जास्त तितका देश स्वच्छ) मात्र २०२४ साली सेशेल्सला १०० पैकी ७२ गुण होते आणि मॉरिशसला ५१. मॉरिशसचा स्वतःचा आलेखही पाहण्यासारखा आहे: २०१२ मध्ये ५७, २०२४ मध्ये ५१, आणि याच काळात तिथल्या ऑनलाइन सेवा वाढतच गेल्या. यावरून ऑनलाइन सेवांनी भ्रष्टाचार वाढवला असा निष्कर्ष मी काढणार नाही. हा निर्देशांक जाणकारांच्या आणि व्यावसायिकांच्या मतांवर आधारलेला असतो, आणि त्यांच्या मनावर वीज प्रकल्पासारख्या प्रकरणांचा ठसा जास्त उमटतो, खिडकीवरच्या सुधारणेचा कमी. दोन वेगळ्या गोष्टी मोजणारे आकडे शेजारी ठेवले, तर त्यांतून कारण आणि परिणाम मिळत नाहीत.

प्रणालीच्या पोटातच भ्रष्टाचार कसा घर करतो याचा सर्वांत उद्बोधक पुरावा मादागास्करचा आहे. तो देश लहान नाही, पण पद्धत सगळीकडे लागू पडते. तिथल्या मुख्य बंदरात आयात-घोषणापत्रे तपासनिसांना यादृच्छिकपणे वाटली जावीत असा नियम होता. संशोधकांनी प्रत्यक्ष वाटप तपासले तेव्हा आयातदारांच्या वतीने काम करणाऱ्या काही एजंटांची पत्रे ठरावीक तपासनिसांकडे योगायोगाने जातील त्याहून कितीतरी जास्त वेळा जात होती. ही पत्रे करचुकवेगिरीच्या दृष्टीने अधिक जोखमीची होती, तरी त्यांत कमी वेळा गैरप्रकार सापडत होता आणि ती सुटतही लवकर होती. वाटपाचे काम बाहेरच्या संस्थेकडे दिल्यावर संशय खरा ठरला, पण लवकरच फेरफाराचा नवा मार्गही निघाला. बुडालेला महसूल एकूण कराच्या सुमारे ३ टक्के होता आणि तो मोजक्या तपासनीस-एजंटांभोवतीच गोळा झालेला होता. म्हणून ‘वाटप संगणक करतो’ एवढ्या उत्तरावर मी कधी समाधान मानत नाही. कोणाच्या खात्यावरून वाटप बदलता येते, ते गेल्या वर्षी किती वेळा बदलले गेले आणि त्या बदलांची यादी कस्टम्सच्या बाहेरचा कोण वाचतो, हे मला लेखी हवे असते. लहान देशात या प्रणालीचा तांत्रिक प्रशासक बहुधा एकच असतो. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, तो तसाच राहतो; आणि त्याच्याकडे असलेले अधिकार कोणत्याही मंत्र्यापेक्षा जास्त असूनही त्याच्या मालमत्तेचे विवरण कोणी मागत नाही. माझ्या मते ते सर्वांत आधी मागितले पाहिजे.

लहान देशांतली डिजिटल व्यवस्था नाजूक असते, याचाही भ्रष्टाचाराशी थेट संबंध आहे. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला, नवे सरकार सत्तेवर येतानाच, वानुआतूच्या सरकारी संगणक-जाळ्यावर हल्ला झाला आणि काही आठवडे कर्मचारी खासगी ईमेल, कागद आणि पेन यांवर काम करत होते. त्याच वर्षी जानेवारीत हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या उद्रेकात टोंगाची समुद्राखालची केबल तुटली आणि ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. अशा काळात परवाने द्यावेच लागतात, पगार करावेच लागतात, आणि मग जुनी मर्जीची पद्धत पूर्ण ताकदीने परत येते. खंडकाळात हाताने घेतलेले निर्णय क्रमांक टाकलेल्या पावत्यांवर नोंदवून नंतर प्रणालीत चढवायचे आणि त्यांची स्वतंत्र तपासणी करायची, असा लेखी नियम फार थोड्या ठिकाणी आढळतो. मी बेटावरच्या कोणत्याही कार्यालयात गेलो की प्रणाली पाहण्याआधी हा नियम मागतो.

ऑनलाइन तक्रार-पेट्यांविषयीही प्रश्नकर्त्याने विचार करावा. मोठ्या शहरात निनावी तक्रार निनावी राहते. छोट्या बेटावर तक्रारीतल्या दोन तपशिलांवरून ती कोणी केली हे ओळखता येते, आणि सरकारच्या हाती जितकी जास्त डिजिटल साधने तितकी तक्रारदाराची भीती मोठी. मॉरिशसमध्ये २०१३ मध्ये बोटांच्या ठशांसह नवे ओळखपत्र आले, तेव्हा ठसे घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले, पण ते साठवून ठेवण्याला नकार दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजकारणी, पत्रकार आणि पोलीस अधिकाऱ्यांची चोरून ऐकलेली म्हणून सांगितली गेलेली संभाषणे समाजमाध्यमांवर येऊ लागली, तेव्हा निवडणुकीच्या तोंडावर सरकारने समाजमाध्यमेच बंद करण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतला. ज्या नागरिकाने हे पाहिले आहे, तो सरकारी पोर्टलवर अधिकाऱ्याविरुद्ध लिहिताना दहादा विचार करेल. माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क असेल तर ही भीती थोडी तरी सौम्य होते. मालदीवने असा कायदा २०१४ मध्ये, वानुआतूने २०१६ मध्ये आणि सेशेल्सने २०१८ मध्ये केला. मॉरिशसमध्ये मात्र आश्वासने मिळूनही २०२४ अखेरपर्यंत तो झालेला नव्हता.

मग लहान देशाने करावे काय, हा या सगळ्यातून उरणारा प्रश्न. माझ्या मते उत्तर देशाबाहेरच्या डोळ्यांत आहे, आणि ते डोळे उसने घेण्यात कमीपणा मानू नये. पॅसिफिकमधील नाउरू करारातल्या आठ देशांनी परदेशी जहाजांना ट्यूना मासेमारीचे दिवस विकण्याची पद्धत एकत्रितपणे सुरू केली. कोणते जहाज कुठे आहे हे उपग्रहावरून दिसते, दिवसांचा हिशेब सामाईक प्रणालीत राहतो आणि एखाद्या देशाच्या अधिकाऱ्याने गुपचूप चार दिवस वाढवून दिले तर ते शेजाऱ्यांना दिसण्याची शक्यता असते. किरिबातीसारख्या देशाच्या महसुलाचा मोठा भाग याच परवान्यांतून येत असल्याने ही गोष्ट साधी नाही. या पद्धतीतही कच्चे दुवे आहेत: जहाज कंपन्यांशी होणाऱ्या करारांच्या अटी बहुधा जाहीर होत नाहीत, आणि जिथे अटी गुप्त असतात तिथे दिवस मोजून अर्धेच काम होते. पण दिशा बरोबर आहे.

लेखापरीक्षणातही हे करता येते. पॅसिफिकमधल्या लेखापरीक्षण संस्थांच्या संघटनेने किरिबाती, नाउरू आणि तुवालू यांच्या लेखापरीक्षकांना एकत्र आणून परस्परांच्या देशांतले काम मिळून करण्याचा कार्यक्रम चालवला आहे. किरिबातीच्या लेखापरीक्षकाला तुवालूत काका-पुतणे नसतात, एवढ्याने सुद्धा फरक पडतो. हीच व्यवस्था संगणक-प्रणालींच्या नोंदींना लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे: अपवादांची, वाटपातल्या बदलांची आणि प्रशासकाच्या खात्यावरून झालेल्या प्रत्येक कृतीची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या देशाच्या लेखापरीक्षकाकडे जावी, जिथे ती पुसण्याचा अधिकार स्थानिक कोणालाही नसेल. तंत्र म्हणून हे अवघड नाही आणि खर्चही फारसा नाही. सार्वभौमत्वाचा आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे ऐकावा लागेल. पण मॉरिशसचे अंतिम अपील आजही लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश न्यायपीठाकडे जाते आणि त्याने त्या देशाचे स्वातंत्र्य उणे झाले असे तिथे फारसे कोणी मानत नाही. प्रश्नकर्ते एखाद्या देशाचा अभ्यास करणार असतील, तर किती सेवा ऑनलाइन आहेत हे मोजण्याआधी ही अपवादांची यादी कोणाकडे जाते हे विचारावे, आणि ‘विभागप्रमुखांकडे’ असे उत्तर आले तर तिथून पुढे खोदायला सुरुवात करावी.